मुल्ट्यांची जागा

— नाही मास्तर, सही मी करणार नाही. कागद हातातच राहू दे, टेबलावर नको, टेबल आत्ताच पुसलंय. बसा. कॉफी ओतलीय तर पिऊन जा — दारात आलेल्याला कॉफीशिवाय परत पाठवायची आमच्यात रीत नाही, मग तो कुणी का असेना. पण म्हणून तुमचं स्वागत झालं असं वहीत लिहू नका. तुमची खोडच आहे ती. जूनमध्ये तुमची वीस पोरं बारा दिवस या गावात होती आणि बाराही दिवस लिहीतच होती. दाराला कुलूप नाही — लिहा. सायकल नुसती भिंतीला टेकवलीय — लिहा. एका मुलीनं मला विचारलं, एक ते दहामध्ये तुम्ही किती सुखी आहात? मी म्हटलं, जेवणाआधी की जेवणानंतर? तर तेही लिहून घेतलं तिनं, मान खाली घालून.

काय नाव होतं हो तुमच्या अभ्यासाचं? 'विश्वास आणि समाज'. ओहायोहून तीन विमानं बदलून नॉर्वेच्या या टोकाला आलात, कशासाठी, तर विश्वास बघायला. आणि बारा दिवसांत बघून झालासुद्धा. माझी बावीस वर्षं किनाऱ्याच्या बोटीवर स्वयंपाकघरात गेली, तुमच्यासारखे प्रवासी मी रोज बघायची. तुमची भाषा तिथंच शिकले मी. डेकवर यायचे, डोंगराचा फोटो काढायचे, आत येऊन म्हणायचे, किती शांत आहे हो इथं. शांत असणारच. आम्ही तुमच्याशी बोलत नव्हतो ना.

हं, नकाशा. नकाशा चांगला आहे, मी कुठं नाही म्हणते? ग्रंथालयाच्या भिंतीवर अजून आहे, वर्तमानपत्रातही आला होता पानभर — 'पाहुण्यांच्या नजरेतून आपलं गाव'. आणि फोनवर तर काय, ठिपक्यावर बोट ठेवलं की पायवाटेनं नेऊन सोडतो. इथं आम्ही वाफल खाल्ले, इथं मासे वाळत घातलेले पाहिले, इथं एका आजोबांनी होडी दाखवली — ठीक आहे, कुणाचं काय गेलं त्यात. पण डोंगरामागे, तळ्याच्या डाव्या अंगाला, जिथं गावातलं कुत्रंसुद्धा जात नाही, तिथं एक केशरी ठिपका. खाली लिहिलंय, 'टोरबोर्गच्या मुल्ट्यांची जागा'. टोरबोर्ग म्हणजे मी. गावात दुसरी टोरबोर्ग नाही.

हसताय? हसा. म्हातारी दोन बादल्या फळांसाठी जीव टाकतेय असं वाटत असेल तुम्हाला. अहो, मुल्टे म्हणजे परसातली स्ट्रॉबेरी नव्हे. लावून लागत नाहीत, पाणी घालून वाढत नाहीत. दलदलीत येतात, एका देठाला एक, आणि तेही एखाद्या वर्षी येतात, एखाद्या वर्षी फुलं बर्फानं जळतात की संपलं. नाताळच्या जेवणात साईत घोळवलेले मुल्टे नसले तर या गावात ते जेवणच नव्हे. आणि ज्याची जागा त्याची. कागदावर नाही हो, कागदावर ती जमीन कुणाचीही असेल — जागा ज्याला माहीत त्याची. ती सांगायची नसते. विचारलं तर खोटं बोलायचं, आणि समोरच्यानं ते खरं मानायचं. शेजारीण मागन्हिल मला चाळीस वर्षं विचारतेय, मी चाळीस वर्षं सांगतेय, अगं इकडंतिकडं मिळतात. ती म्हणते, हो का. झालं. ती माझ्या मागे आली नाही, मी तिच्या मागे गेले नाही. कुणाची गाडी आडरानात उभी दिसली तर आपण मान वळवून पुढं जायचं. हा आमचा विश्वास, मास्तर. हा तुमच्या एका पोराच्या वहीत नाही.

आर्नफिननं, माझ्या नवऱ्यानं, लग्नानंतर एकतीस वर्षं मला जागा सांगितली नव्हती. गाडी चर्चपाशी लावायचा आणि तिथून दीड तास वळसा घालून चालत जायचा, कुणाला कळू नये म्हणून. संध्याकाळी दोन बादल्या घेऊन यायचा, गुडघ्यापर्यंत चिखल. मी चिडायचे का? नाही. मला उलट बरं वाटायचं, या माणसाला काहीतरी जपता येतं. मग आजारी पडला. तेव्हा सांगितलं, एका जानेवारीत, पलंगावर पडल्या पडल्या, पांघरुणावर बोटानं रेघा काढून — हे तळं, हा मोठा धोंडा, इथून डावीकडं. त्याच्या आईनं त्याला दिली होती ती जागा. एकालाच द्यायची असते. मला म्हणाला, तू सांभाळ, आणि शेटिलला दे.

शेटिल म्हणजे आमचा मुलगा. एकुलता एक. बर्गनला असतो, दोन दिवसांच्या वाटेवर. बोटींच्या इंजिनांचं काम करतो, चांगलं करतो म्हणतात.

मग दिली का नाही? — हे तुम्ही विचारणारच. विचारायचीच सवय तुम्हाला. आर्नफिन गेल्यावर तो दर ऑगस्टला, मुल्टे पिकायच्या वेळी, यायचा, बायको-मुलीला घेऊन, दहा दिवस. पहिल्या दिवशी जेवताना म्हणायचा, आई, यंदा दाखवतेस ना? मी म्हणायचे, इथं राहायला ये, मग दाखवते. तो हसायचा. मी एकटी जाऊन वेचून आणायचे, तो खायचा, जाताना मी डबे भरून द्यायचे. अकरा वर्षं. आणि तुम्हाला म्हणून सांगते — तुम्ही काय, उद्या विमानात बसाल — मला ठाऊक होतं तो राहायला काही येत नाही. पण जागा एकदा दाखवली असती, तर पुढच्या वर्षी तो कशाला आला असता? मुलगा आईला भेटायला येतो हो, येतो, पण ऑगस्टमध्येच का, हे मला न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे? माझ्याकडं त्याला हवं असलेलं तेवढं एकच होतं. ते मी मुठीत धरून ठेवलं.

तर गेल्या वर्षी फोन आला. यंदा जमत नाही, सासऱ्यांच्या घराचं छप्पर घालायचंय. मी म्हटलं, यंदा मुल्टे भरपूर आहेत. तर म्हणाला, आई, मुल्टे हल्ली दुकानातही मिळतात.

एवढंच म्हणाला. वाईट बोलला नाही, हळूच म्हणाला. पण मला ते लागलं. आजही लागतं.

आणि या जूनमध्ये तुम्ही ती तुमची डीलिया माझ्याकडं राहायला आणून सोडलीत. बारा दिवस, वरच्या खोलीत. ती पहिल्यांदा दलदलीत आली ती पांढरे बूट घालून, ते बूट परत पांढरे झाले नाहीत. तपकिरी चीज खाऊन म्हणाली, हे तर गोड गोळ्यांसारखं लागतं. बोलायला लागली की थांबायची नाही आणि ऐकायला लागली की — हो, ऐकायची. ते मी नाही म्हणणार नाही. दोन्ही हात कपाभोवती धरून बसायची आणि विचारायची, मग आर्नफिन काय म्हणाला? त्याचं नावसुद्धा नीट घ्यायची. या घरात कित्येक वर्षांत कुणी मला विचारलं नव्हतं, मग आर्नफिन काय म्हणाला.

पण तिनं विश्वासघात केला, मास्तर. हा शब्द तुम्हाला शिकवायला हवा होता तिला, विश्वासच्या आधी. मी तिला जागा दाखवली, मान्य. एका सकाळी घेऊन गेले. तेव्हा फळं कुठली, नुसती पांढरी फुलं होती, सगळीकडं. ती कडेलाच थांबली, फुलांत पाय टाकला नाही. मला वाटलं, कळलं हिला. आणि चार दिवसांनी ठिपका. आता ऑगस्टमध्ये तुम्ही इथं नव्हता, तुम्ही बघितलं नाहीत. फिरत्या घरांसारख्या मोठमोठ्या गाड्या घेऊन दक्षिणेकडचे लोक आले, जर्मन आले, नकाशा हातात. कच्चे वेचले त्यांनी, केशरी व्हायच्या आधी, लालभडक, कडक — कच्चे मुल्टे वेचणं म्हणजे आमच्यात पाप आहे. सगळं शेवाळ तुडवून काळं केलं. मागन्हिलसुद्धा गेली. तीन लिटर वेचले आणि त्यातली एक बरणी माझ्या पायरीवर आणून ठेवली. वर म्हणते, इकडंतिकडं मिळाले. चाळीस वर्षांचं उट्टं काढलं बाईनं. तर या सगळ्याच्या कागदावर मी सही करू? की मी राजीखुशीनं माहिती दिली म्हणून?

काय?

ती असं म्हणाली?

फोनवर आवाज टिपलेला आहे. माझा. तिनं तुम्हाला दिला ऐकायला. बरं. नाही, लावू नका. ठेवा तो फोन खिशात. मी काय बोलले ते मला कशाला ऐकवता, मला पाठ आहे. तिनं विचारलं होतं — ही जागा मी नकाशात घालू का, की ही तुमची खाजगी गोष्ट आहे? असंच विचारलं तिनं, नीट, दोनदा. आणि मी म्हटलं, घाल. माझं नाव घाल वर. वर्तमानपत्रात येणार आहे ना, मग तर घालच.

हो. म्हटलं मी.

का म्हटलं, का म्हटलं. मास्तर, तुम्हाला मुलं आहेत? आहेत. मग कशाला विचारता. बर्गनला आमचं वर्तमानपत्र जातं, शेटिल ते घेतो, गावची मरणं वाचायला. मला हवं होतं की त्यानं ते पान उघडावं. बारा दिवसांच्या परक्या पोरीला दिलं आणि आईनं मला अकरा वर्षं दिलं नाही, म्हणून त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जावी. मला वाटलं, फोन करेल. ओरडेल. तो कधी ओरडत नाही, बापासारखाच मुका आहे, पण मला वाटलं या वेळी ओरडेल, आणि मग येईल. भांडायला का होईना, या दारातून आत येईल. मी भांडणाची तयारी करून बसले होते. काय बोलायचं ते ठरवलं होतं. तो थकला की काय रांधायचं तेही ठरवलं होतं.

फोन आला नाही. जुलै गेला.

ऑगस्टच्या नऊ तारखेला, जेवणाच्या वेळेला, मागन्हिल आली. बरणी तिनं त्याच दिवशी आणली. दारातच म्हणाली, तुझा शेटिल भेटला गं वर. पोरगी किती उंच झाली त्याची. मी म्हटलं, हो ना. म्हटलं, येतायत ते एवढ्यात जेवायला. ती म्हणाली, हो का.

पोरगी म्हणजे इंगुन, माझी नात. दहा वर्षांची. तिला घेऊन आला होता तो, नकाशा बघून. दोन दिवसांची वाट. त्याच्या बापाची जागा त्यानं आपल्या मुलीला दाखवली. जशी दाखवायची तशीच दाखवली असेल, तळं, धोंडा, डावीकडं. आणि हे घर त्या वाटेपासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे.

नाही, मी बसून नाही राहिले. काय समजता मला तुम्ही? रबरी बूट चढवले, गाडी काढली, गेले. त्याची गाडी वाटेच्या तोंडाशीच उभी होती, उघड्यावर. बापानं कधी अशी लावली नसती. मागच्या सीटवर पोरीचा स्वेटर होता, निळा, मी विणलेला नव्हे. वरून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण हसत होती. चढ असा कितीसा आहे, माझ्या पायांनीसुद्धा अर्धा तास. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

नाही मारली. गाडी वळवली आणि घरी आले. का म्हणजे? दुसरा वेचत असताना त्याच्या जागेत जायचं नसतं, मास्तर. नाही जात आमच्यात. आणि जागा आता त्याची होती.

संध्याकाळची फेरीबोट गेली, त्यात त्याची गाडी होती, मी खिडकीतून बघितली.

डीलियाला सांगा, तिची काही चूक नाही. आणि नाही, पुढच्या वर्षी कुणाला माझ्याकडं ठेवू नका. तो कागद तसाच घेऊन जा. कप राहू दे, मी विसळीन. बूट तुमचे डाव्या हाताला आहेत.