मनापासून थुंकलंच नाही कुणी!

...आणि केक कापून झाल्यावर, सगळ्या पाहुण्यांसमोर, हातात माइक धरून म्हणतो काय, "ही माझी आई इथं बसलीय ना, हिच्यामुळे आयुष्यात माझ्यावर कुणी मनापासून थुंकलं नाही!" घ्या! साठ वर्षांचा घोडा, डोक्यावर औषधाला केस नाही, आणि तक्रार काय, तर थुंकलं नाही! लोक टाळ्या पिटतायत, आणि मी पुढं चाकाच्या खुर्चीत, मांडीवर कागदी बशी, बशीत केक. आता तुम्हीच सांगा, आपल्या पोरावर कुणी थुंकू नये म्हणून जगातल्या आया जीव पाखडतात की नाही? आणि हा... जाऊ दे. मला काय, मी आपली वाढपीण!

वाढपीण म्हणजे खरोखरचीच हो. आमच्या ओल्डहॅमच्या, इंग्लंडातल्या गिरणीगावच्या, शाळेत दुपारचं जेवण वाढायचे मी. त्या शाळेत शिकायला फार गेले नाही, पण वाढण्यात जन्म गेला. कुस्करलेला बटाटा, वाटाण्याचा लगदा, रव्याची खीर, आणि ते कस्टर्ड... गुठळ्या असायच्या त्यात, असायच्या, कोण नाही म्हणतंय? पण गावातलं एक पोर दाखवा, ज्याला मी 'रांगेत उभा राहा, ढकलू नकोस, थँक्यू म्हण, पुढं सरक' एवढं शिकवलं नाही! सगळं गाव माझ्या पळीखालून गेलंय.

तर आमचा कॉलिन. कॉलिन हॅलिवेल. बिस्किटांच्या कारखान्यात लागला होता, दोन बिस्किटांच्या मध्ये क्रीम भरायच्या मशिनवर. गुणी पोरगं, शेजारच्या मांजराला सुद्धा 'गुड मॉर्निंग' म्हणणारं. आणि सत्त्याहत्तर साली, पोरांत ते पंक गाण्याचं खूळ आलं तेव्हा, एक दिवस जिन्यावरून खाली उतरला तो... अगंबाई! अंगात बापाचा लग्नातला कोट, त्याच्या बाह्या टराटरा फाडलेल्या, फाटलं तिथं पिना टाचलेल्या, गळ्यात कुत्र्याचा पट्टा, आणि केस? साखरेच्या पाण्यानं ताठ उभे केलेले, साळिंदरासारखे! माझी आठवड्याची साखर डोक्यावर घेऊन उभा! बाहेर पडला की मागं गांधीलमाश्या. मी आपलं विचारलं, "अरे, पट्टा आहे, कुत्रा कुठाय?" तर म्हणतो, "आई, आजपासून मी कॉलिन हॅलिवेल नाही. मी कॉलिन कॉलरा!" रोगाचंच नाव घ्यायचं तर एखादं हलकं घ्यावं की नाही? पडसं आहे, गोवर आहे, कांजिण्या आहेत... नाही, एकदम कॉलरा!

बँडचं नाव, 'गटाराचं झाकण'. ड्रम बडवायला ट्रेव्हर पिकल्स. हा ट्रेव्हर म्हणजे ताटातला कोबी खिशात लपवायचा तोच, अजून त्याच्या शेजारी बसले की मला कोबीचा भास होतो. गाणं म्हणाल तर, 'मला काही नको! मला काही नको! मला काही नको!' बस. पुढं काही नाहीच. दीड मिनिटात खेळ खलास. मी खालून ओरडायचे, "जेवायलाही नको का रे?" की लगेच वरून, "चिप्स आहेत का गं?" हे यांचं बंड!

घरात सुखी एकटा आमचा स्टॅन, माझा नवरा. सगळी हयात गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेलेली, कान ठार बंद. पोरगं गळ्याच्या शिरा ताणून किंचाळायला लागलं की हा मान डोलवायचा, "चर्चचं गाणं बसवतोय वाटतं. छान, छान." आणि जायचा कबुतरांना दाणे घालायला.

पहिला कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये ठरला. कॉलिनची छाती पहिल्यापासून नाजूक, आणि हा लोकरीची बंडी घरीच टाकून गेलेला. मी बंडी घेऊन निघाले. चुकलं का काही? आत पाऊल टाकते तर सगळी माझीच पोरं की हो! कुणाचे केस हिरवे, कुणाच्या कमरेला साखळदंड, कुणाच्या गालातून पिन आरपार... आणि मला बघितल्याबरोबर काय व्हावं? "हॅलो, हॅलिवेल बाई!" एकानं सिगारेट पाठीमागं लपवली, दुसऱ्यानं गालातली पिन हळूच काढली, सगळे हाताची घडी घालून शांत! आणि स्टेजवर आमचा कॉलरा एकटाच बोंबलतोय, मला काही नको! मी खालून बंडी हलवून दाखवली. गाणं संपल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्याही कशा, बक्षीस समारंभात वाजवतात ना, तशा मऊ मऊ!

कॉलिन घरी आला तो थेट मागच्या अंगणात, कबुतरांच्या खुराड्यात जाऊन बसला. चिप्सनाही बाहेर येईना. शेवटी ट्रेव्हरनं मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्हाला कळत नाही. आमच्या पंकवाल्यांत गाणं आवडलं की थुंकतात."

"कुठं?"

"गाणाऱ्यावर."

"देवा! अरे, मग आवडलं नाही तर काय करता?"

"तेव्हा नुसते उभे राहतो. लंडनला बघा, गाणारा घरी जातो तो निथळत! आणि आपला कॉलिन? कोरडा ठणठणीत! तुम्हाला बघून सगळ्यांनी गिळलं, बाई!"

ऐकलंत? गिळायला कुणी शिकवलं? मीच! ताटातलं सगळं संपवायचं, तोंडातलं बाहेर काढायचं नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसलेला! पण हे बोलायचं कुणाला? मला काय, मी आपली वाढपीण!

पुढच्याच शनिवारी त्याच हॉलमध्ये लंडनहून रेकॉर्डवाला येणार होता. क्रिस्पिन त्याचं नाव. कॉलिन आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आला, पट्टा काढून हातात धरलेला, म्हणाला, "आई, त्याला आवडलं तर रेकॉर्ड निघेल माझी. ते क्रीम भरणं सुटेल गं. रात्री डोळे मिटले तरी मला बिस्किटंच दिसतात. तू येऊ नकोस उद्या. कबूल कर." मी कबूल केलं. आणि गेले नाही हो! शनिवारी घरात बसून वाटाणे भिजत घालत होते. तर गाणं अर्ध्यावर टाकून ट्रेव्हरच धापा टाकत दारात! "बाई, चला! लंडनवाला येऊन बसलाय आणि एक जण थुंकेल तर शपथ! पोरांना वाटतंय तुम्ही कुठंतरी दाराआड उभ्या आहात!"

आता काय करावं माणसानं? पोराच्या नशिबाचा प्रश्न. गेले, ॲप्रनसकट. मधोमध उभी राहिले, टाळी वाजवली, "ऐका रे सगळे! माझी परवानगी आहे! थुंका!" कुणी हलेना. एकमेकांकडे बघतायत, पहिला कोण? मग मला जे येतं तेच मी केलं. "रांग लावा! बुटके पुढं, उंच मागं! च्युइंगगम आधी काढा! एकानं एकदाच, दुसऱ्यांदा मागायचं नाही!"

आणि लावली की हो रांग! पार दारापर्यंत! एकेक जण पुढं यायचा, "सॉरी हं कॉलिन," थू, की बाजूला. "सॉरी कॉलिन," थू, की बाजूला. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. आणि वर आमचा कॉलरा काय करतोय? 'थँक्यू' म्हणतोय! प्रत्येकाला! "थँक्यू. थँक्यू. थँक्यू, मॉरीन, आजी बरी आहे का?"

तो क्रिस्पिन आधी डोळे फाडून बघत राहिला, मग असा हसायला लागला की खुर्चीवरून घसरला. डोळे पुसत माझ्यापाशी आला, म्हणाला, "बाई, हे बंड नाही, ही शाळेची मधली सुट्टी आहे!" आणि टोपी घालून स्टेशनकडे गेला. झाली रेकॉर्ड!

मग काय, बिस्किटांचा कारखाना बंद पडेपर्यंत कॉलिननं क्रीम भरलं, आणि पुढं माझ्याच शाळेत, माझीच पळी हातात घेऊन वाढायला लागला. कस्टर्डात गुठळ्या? त्याच्याही! शनिवारी क्लबात गायचा, हौझीचे दोन डाव झाले की मध्ये हा. म्हाताऱ्या बायका आकडे कापता कापता सुरात सूर मिळवायच्या, मला काही नको, मला काही नको, अठ्ठ्याऐंशी! अशी ही सगळी कारकीर्द.

तर त्या साठाव्या वाढदिवसाला माझा उद्धार करून झाला, आणि ट्रेव्हर नवा गुडघा सांभाळत ड्रमवर बसला. जुनी पोरं सगळी हजर, कातडी जाकिटांची बटणं पोटावर लागत नाहीत कुणाची. कॉलिननं बापाचा तोच कोट चढवला. गाणं झालं. आणि हा दोन्ही हात पसरून, डोळे मिटून उभा राहिला. वाट बघत. कुणाची कवळी, कुणाचं रक्तदाबाच्या गोळीनं तोंड सुकलेलं, आणि ज्यांची तोंडं ओली ती माझ्याकडे बघून गप्प! त्याचे हात हळूहळू खाली यायला लागले. आणि त्याचा चेहरा... चिप्स संपल्यावर रांगेत शेवटचं पोर रिकामी बशी घेऊन उभं राहतं ना, तस्सा.

मी उठले. सगळे "बाई, जपून" करतायत, मी उठलेच. आणि मला एकदम सगळं आठवलं हो! ती साखर, त्या गांधीलमाश्या, स्टॅनचा लग्नातला कोट, तो कॉलरा, तो वाया गेलेला वाटाणा, आणि आता चार लोकांत माझ्या मांडीवर केक असताना माझीच तक्रार! सगळं घशाशी आलं. गोळा केलं, आणि... थू!! बरोब्बर छातीवर!

डोळे उघडले त्यानं. मला वाटलं, आता म्हणतोय 'थँक्यू'. छे! अशी एक शिवी हासडली मला, जन्मात पहिल्यांदा, अशी खणखणीत, की बाहेर स्टॅनची कबुतरं असती तर यॉर्कशरपर्यंत उडाली असती! आणि त्याच दमात पुन्हा गायला लागला, मला काही नको! आणि तुम्हाला सांगते, तेव्हा पहिल्यांदा मला पटलं, की ह्याला खरंच आता काही नको.

दुसऱ्या दिवशी कोट धुवायला घेतला, तर अंगावर धावून आला. "हात लावू नकोस!" म्हणे. काचेच्या पेटीत घालून आणला, आणि टांगला कुठं? बैठकीत, भिंतीतल्या शेकोटीच्या वर, बरोबर माझ्या खुर्चीसमोर! डाग दिसेल असा. आता सकाळ-संध्याकाळ चहाचा कप तोंडाला लावला की समोर ते. पाहुणे विचारतात, हे काय? तो छाती फुगवून सांगतो, "आईचं आहे!"

मला काय, मी आपली वाढपीण... आपलंच वाढलेलं, बघत चहा प्यायचा झालं!