सरांना विचारायचं राहिलं

नाही, पण मला एक सांगा, शेजारच्या दारातून दिवसाढवळ्या खाट चाललीय, खाटेमागून कपाट चाललंय, ते परक्या टेम्पोत चढतंय, तर बघणाऱ्या बाईनं काय समजायचं? माणूस घर सोडून चालला, हेच ना? मग मीही तेच समजले. आता सगळी गल्ली माझ्याकडं अशी बघते, जणू मी एकटीच समजले होते...

तुम्हाला सांगते, जव्हारच्या या गल्लीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे गौराला, म्हणजे मला, फोडणीच्या वासावरून कळतं. नाही कळलं तर जाऊन विचारते. त्यात लाज कसली? लाडक्याभाऊ टेम्पो घेऊन कुठं गेलाय, हे त्याच्या बायकोला माझ्याकडून कळतं. बायडीच्या सुनेला दिवस गेलेत, हे बायडीच्या आधी मला. आणि भिंतीला भिंत लागून ज्यांनी अख्खी नोकरी काढली, त्या खराडे सरांना एवढंच विचारायचं होतं, "सर, तुम्हाला जायचंय का?" विचारलं का मी? नाही विचारलं.

खराडे सर म्हणजे आश्रमशाळेतले खेळाचे सर. सांगलीकडचे. आता आमच्याकडं घाटावरून मास्तर येतो तो पिशवी खाली ठेवायच्या आधी बदलीचा अर्ज लिहितो. डॉक्टर येतो, दोन पावसाळे काढतो, जातो. बँकेतला साहेब तर कधी आला ते जाताना कळतं. निरोप द्यायची आम्हाला इतकी सवय की घरात एक शाल घडी घालून ठेवलेलीच असते. हे एकटेच राहिले. मोखाड्याकडच्या सूर्यमाळ गावच्या अनवाणी पोरी यांनी पळवत पळवत पार राज्याच्या स्पर्धेला नेल्या. उन्हाळ्यात टँकर आला की हंड्यांची भांडणं हेच शिटी वाजवून सोडवायचे, "बायडीमावशी, फाऊल, मागं व्हा." आणि बायडी, जी नवऱ्याचं ऐकत नाही, ती हंडा उचलून मागं व्हायची. सरांच्या बाई वारल्या तेव्हा वाटलं, आता जातील. मुलगी पुण्याला, तिच्याकडं जातील. गेले नाहीत. तरी आम्ही आपलं दर दिवाळीला, "सर, गावी कधी?" कधी ते विचारलं. जायचंय का, ते नाही विचारलं.

तर यंदा सर निवृत्त झाले. शाळेनं हारतुरे केले, आणि लगेच ही खाट निघाली. मी चहा तसाच ठेवून पळाले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, "ऐकलं का, सर चालले, ते पण कुणाला न सांगता." मग काय, बायडी खुरासणीची चटणी कुटायला बसली. मी नागलीचं पीठ दळून आणलं. चाकांची मोठी बॅग आणली. लाडक्याभाऊ म्हणाला, "स्टँडवर मी सोडणार, भाड्याचं नाव काढायचं नाय." आणि फ्लेक्स केला, चांगला जाड, सरांचा हसरा फोटो, खाली लाल अक्षरात, भावपूर्ण निरोप. हे सगळं होईपर्यंत सर भिंतीपलीकडं होते. हाक मारली असती तर ओ दिली असती...

संध्याकाळी आम्ही त्यांना बाहेर बोलावून खुर्चीत बसवलं. शाल घातली. सर उठले. "मला खरं तर एक सांगायचं होतं, मी..." एवढ्यात बायडीनं हंबरडा फोडला. तिचं पाहून लाडक्याभाऊनं डोळे पुसले. सर म्हणाले, "गौराताई, ते खाटेचं असं झालं की..." मी म्हटलं, "खाटेचं काय घेऊन बसलात सर, माणूस मोठा. बोलू नका. आम्हाला सगळं कळतं." तिसऱ्यांदा सरांचा हात छातीवर शिटीकडं गेला, तर शिटी कुठाय? आठवण म्हणून आम्हीच मागून घेतली होती. माझ्या गळ्यात होती.

सकाळी टेम्पो दारात. सर रिकाम्या खोलीत बॅग मांडीवर घेऊन बसलेले. म्हटलं, चला. तर बिचारे आले. स्टँडवर लाडक्याभाऊनं नाशिकच्या गाडीत रुमाल टाकून खिडकी धरली, तिथून पुढं पुण्याला लेकीकडं जातील म्हणून. आणि तेवढ्यात मोखाड्याकडची गाडी लागली. तिच्यातून चैती आणि जयश्री उतरल्या, सरांच्या सूर्यमाळच्या पळणाऱ्या पोरी, डोक्यावर अंथरुणाची वळकटी.

"सर, घ्यायला कशाला आलात? आलो असतो की आम्ही चालत. खोली झाली का रिकामी?"

"कसली खोली गं?" मी.

"सरांची पुढची. शाळा संपली आमची, आता वसतिगृह, मैदान कोण देतंय? सर म्हणाले, खाट-कपाट देऊन टाकतो कुणाला, तुम्ही इथं राहा, सकाळी पळू."

लाडक्याभाऊनं खिडकीतला रुमाल परत उचलला. बायडीनं पदर तोंडाला लावला, या वेळी नुसताच लावला. तेव्हा कुठं मी विचारलं, ते पण खाली बघून, "सर, तुम्हाला जायचं होतं का?"

"नाही हो ताई."

"मग बोलायचं नाही?"

"काय बोलू? तुम्ही सगळे इतक्या मनापासून निरोप देत होता. मला वाटलं, नोकरी संपली, आता आपण गेलेलं लोकांना बरं वाटत असेल. मी काही इथला नाही."

इथला नाही... अहो, टँकरच्या रांगेत आमचे नंबर लावणारा माणूस इथला नाही, तर मग इथलं कोण? पण हे मी तोंडानं म्हटलं का? नाही. गळ्यातली शिटी काढली, त्यांच्या हातात ठेवली, आणि चाकांची बॅग मीच ओढत परत टेम्पोकडं निघाले. त्या बॅगेची चाकं पण मेली, स्टँडभर केवढा आवाज करतात.

आता सगळं ठीक आहे. पोरी पुढच्या खोलीत राहतात, पहाटे शिटी वाजते, माझी झोप जाते, मी चकार शब्द काढत नाही. कुठल्या तोंडानं काढू? राहिला तो फ्लेक्स. जाड, चांगला, टाकवेना. माझी पडवी गळत होती, माझ्या नवऱ्यानं तिच्यावर ताणून बसवला, तो नेमका फोटो रस्त्याकडं करून. आता परवा एक बाजारकरी थांबला, वर बघून हात जोडले, आणि हळूच विचारलं, "मावशी, सर कधी वारले?"

म्हटलं, "पळायला गेलेत, येतील आता." आणि आत जाऊन बसले. काय करता... तो निदान विचारतो तरी.