भावोजींची शिट्टी

देवीशपथ, यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे थोडं आहे, ते शेवटी सांगतो.

आमचे भावोजी सुट्टीत चौलला आले ते गळ्यात शिट्टी अडकवूनच. म्हणाले, "पोरांचा फिटनेस कसा मजेत व्हायला हवा!" त्यांची मजा म्हणजे आमच्या वाडीतल्या बावेत, म्हणजे विहिरीत, उतरण्याआधी तासभर उठाबशा, मग पाण्यात रांगेने फेऱ्या. कुणी जरा पाणी उडवलं की शिट्टी! स्वतः मात्र काठावर, हातात शहाळं.

त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, रडवेली झाली. "मामा, मी उद्यापासून पोहणारच नाही."

तेवढ्यात भावोजींचा पाय घसरला आणि ते धपकन बावेत! तेव्हा कळलं, गुरुजींना पोहताच येत नाही. नवशिक्यांच्या पाठीला आम्ही सुक्या नारळांची जोडी बांधतो, ती भाचीने त्यांच्याकडे फेकली. ती जोडी कवटाळून ते पाय झाडू लागले, तशी पोरं भोवती फेर धरून ओरडली, "पोट आत घ्या! मजा येतेय ना?" मग अंधार पडेपर्यंत एकही पोर पाण्याबाहेर येईना.

आता खोटं काय, तर पाय घसरला हे. भाचीने एका हातात नारळ तयार ठेवले होते, दुसऱ्याने ढकललं.