लंगड्या मेंढीची नक्षी

मी, सौ. प्रियंका मायाप्पा बंडगर, वय ३२, धंदा गालिच्यांची नक्षी काढणे, रा. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर. समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पती व सासू अंबुबाई यांच्यासह राहते. आमची मेंढरे आहेत. मागील वर्षी मी तळ्यावर पाणी पिणाऱ्या मेंढरांची नक्षी काढली. तिच्या कोपऱ्यात एक लंगडी मेंढी आहे. ती आमच्याच कळपातली, आता हयात नाही. नक्षीचा फोटो मी नेदरलँड्समधील एका गालिचे कंपनीस त्यांच्या मागणीवरून पाठवला. पसंत नाही, असे त्यांनी कळवले.

यंदा त्याच कंपनीने तीच नक्षी, लंगड्या मेंढीसह, गालिच्यात विणून विकायला काढली. मी जाब विचारला. उत्तर आले की ही भारतातील अनामिक लोककला असून तिला कोणी मालक नाही. आणि तिकडे ती कंपनीच्या नावे नोंदलेली असल्याने मी ती तिकडे विकू नये. दोन्ही वाक्ये एकाच ईमेलमध्ये आहेत. सासूबाईंनी विचारले, "अनामिक म्हंजी?" मी सांगितले, नाव नसलेली. त्या म्हणाल्या, "तुला नाव हाय की." त्या दिवशी मी जेवले नाही.

मी पोलीस ठाण्यात प्रथम आले तेव्हा, प्रकार परदेशात घडला, तिकडचा कायदा लागेल, तिकडे दाद मागा, असे मला सांगण्यात आले. सोलापूरचे वकील उदयसिंह यांनी खुलासा केला, "तिथल्या विक्रीला तिथला कायदा, हे खरं. पण तोच माल त्यांनी इथं विकला, तर इथला कायदा लागतो." म्हणून मी कंपनीच्या वेबसाइटवरून, माझ्याच नावाने व मंद्रूपच्या पत्त्यावर, एक गालिचा मागवला. त्यांनी नाव वाचले नसावे. काल पार्सल घरी आले. सासूबाईंनी गालिच्यातल्या मेंढीवरून हात फिरवला व "हिला कुणी इकलं?" असे विचारले.

गालिचा, माझे मूळ चित्र व ईमेल हजर करते. सदर कंपनीविरुद्ध माझी तक्रार आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तेव्हा घटनास्थळ 'परदेश' असे लिहिलेले आढळले. ते मी खोडायला लावले व 'मंद्रूप, फिर्यादीचे राहते घर' असे लिहून घेतले. आता मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.