आमच्या ह्यांचं पेट्रोल वाचवणं

आमच्या ह्यांना मध्यंतरी पेट्रोल वाचवायचं लय वेड लागलं होतं. गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून ह्यांनी शिकवायचं. "क्लचवरचा पाय काढ. एवढी पळवू नको."

मानवतला माझ्या भावाच्या पोरीचं लग्न होतं. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं आणि वाटेत रेल्वेचं फाटक लागलेलं. हे म्हणाले, "गाडी बंद कर. उगं पेट्रोल जळायलंय."

"बॅटरी कमजोर हाय. परत चालू न्हाई झाली तर?"

"होईल की. तू बंद कर."

केली बंद. फाटक उघडलं आणि गाडी काही चालू होईना. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. शेवटी हे नव्याकोऱ्या सफारी सुटात खाली उतरले आणि ढकलायला लागले. धक्क्यानं गाडी चालू झाली, पण थांबले तर परत बंद पडेल, या भीतीनं मी थांबलेच नाही. आरशात हे मागं पळताना दिसत होते.

मी मांडवात पोचले तेव्हा वंदना सुरूच होणार होती. भावानं विचारलं, "ताई, दाजी कुठंयत?"

म्हणलं, "येतेत मागून. पेट्रोल वाचवायलेत."