केरबानं काशीला काय सोडलं

हां, टाळ ठेवा जरा खाली. ठेवा, ठेवा! मृदंगवाले दादा, तुम्हीपण हात मोकळे करा. माझा घसा बसलाय, तुमच्या माना कलल्यात. दमलोय आपण सगळेच. मग आज दमलेल्या माणसाचीच गोष्ट सांगतो.

पण आधी एक सवाल. माणूस म्हणतो, ‘मी सोडलं!’ — तर ते त्यानं देवासाठी सोडलेलं असतं, का कंटाळा आला म्हणून? आणि कंटाळून टाकलेली वस्तू देवाच्या पायावर नेऊन ठेवली, तर देवानं काय करावं? घ्यावी?

काशीचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू तिथं सोडून यायची. पुन्हा जन्मात तिला शिवायचं नाही. आता आपल्यातले जाऊन आले, त्यांनी काय सोडलं? एकानं कारलं सोडलं! अरे बाबा, कारलं तुला आवडत होतं कधी? एक बाई म्हणाली, बुवा, मी सासूच्या हातची आमटी सोडली! हसू नका — सासू पुढंच बसलीय!

तर मंडळी, ऐका. नदीकाठचं एक गाव. तिथं केरबा तांबट राहायचा. तांब्याचे हंडे-घागरी ठोकून ठोकून अर्धा बहिरा झालेला. सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले. आणि त्याचा दोस्त दस्तगीर पिंजारी. गावातल्या सगळ्या गाद्या त्यानं भरलेल्या. तुमच्यातल्या एकाच्या लग्नातली गादीसुद्धा त्याचीच, कोणाच्या ते विचारू नका!

ह्या दोघांना नाद एकच. बुद्धिबळ! उन्हं कलली की दस्तगीरच्या ओट्यावर पट पडायचा. पट कशाचा? गादीच्या कापडाचा, दस्तगीरनं स्वतः शिवलेला. एक हत्ती हरवला, तर केरबानं तांब्याचा तुकडा ठोकून दुसरा करून दिला. काळा हत्ती लाकडाचा, त्याचा भाऊ तांब्याचा. चाललंय!

आता खेळ देशी बरं का. मोबाईलवर पोरं खेळतात, तो नव्हे. आपल्या जुन्या पटावर एक नियम आहे. समोरच्याची सगळी मोहरी मारली, नुसता राजा उरला, की डाव तिथंच थांबला. ह्याला म्हणायचं बुर्जी. ना तुझी जीत, ना माझी! म्हणून जिंकायचं असेल तर हावरटपणा चालत नाही. त्याचं एखादं प्यादं जिवंत ठेवायचं, आणि मग मात द्यायची. केरबा त्यात उस्ताद! समोरच्याचं एक प्यादं असं जपायचा, जसं लेकरू जपावं. आणि मग टुक करून मात! मग मिशीवरून हात. त्या मिशीवरच्या हातासाठी जगायचा हो तो!

पण पुढं काय झालं, दस्तगीरची बायको गेली. आणि तिच्या मागनं हळूहळू त्याची आठवणही जायला लागली. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायचा. मग नातवांची नावं. मग उंट सरळ चालवायला लागला.

“दस्त्या, उंट तिरका जातोय.”

“व्हय व्हय.” आणि परत सरळ!

“खेळी कुणाची?”

“तुझी.”

दस्तगीरचा उजवा हात हवेत तसाच. बोटं आपली पिंजाऱ्याची कमान वाजवल्यासारखी हलायची, कापूस पिंजल्यासारखी. मग पुन्हा, “खेळी कुणाची?”

सांगा, अशा माणसाला हरवून मिशीवर हात फिरतो का? केरबाचा फिरेना. ओट्यावरनं उठताना अंगावर हंडा घेतल्यासारखं वाटायचं त्याला. रोज तेच. रोज!

अशात गावातनं काशीला गाडी निघाली. केरबा आणि त्याची बायको हौसाक्का, दोघांचं नाव लागलं. देवळात माणसं जमली. कोण काय सोडणार? केरबा उठला आणि म्हणाला, “मी बुद्धिबळ सोडतो!”

अरारारा! काय तो गलका! गुरवानं नारळ दिला. गावातला नंबर एकचा खेळाडू, आणि खेळच देवाला वाहिला! काय ते वैराग्य!

घरी आला. हौसाक्का तांदूळ निवडत होती.

“मी चहा सोडतीया,” ती म्हणाली.

“चहा? अगं, तुला सकाळी चहाशिवाय दिसत न्हाई!”

“आवडतंय तेच सोडायचं असतंय न्हवं?” तिनं एक खडा उचलून टाकला. मान वर केली नाही. “अवो, बुद्धिबळ अजून आवडतंय व्हय तुमाला?”

बास. एवढंच! बायका असं करतात बघा. एक खडा काढतात आणि बरोबर काळजावर टाकतात.

केरबानं पायात वहाणा घातल्या. म्हटलं, शेवटचा डाव खेळू आणि दस्त्याला सांगून टाकू. ओट्यावर दस्तगीरची सून, रेहाना, पट अंथरत होती.

“काका, काशीला जाताय म्हणं? लवकर या. अब्बा सकाळपासनं दारात बसत्यात. जेवा म्हटलं तर म्हणत्यात, थांब, गडी यायचाय. नाव आठवत न्हाई, पर गडी यायचाय.”

केरबा सोंगट्या मांडायला बसला. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. डाव सुरू झाला.

त्या दिवशी दस्तगीरचं काहीच ठिकाणावर नव्हतं. घोडा सरळ, उंट आडवा, खेळी मागं, पुन्हा पुढं. केरबाला हाक मारली ती स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावानं. “खेळी कुणाची? खेळी कुणाची?” आणि मंडळी, केरबाचा तोल गेला! एकदाचं संपवू म्हणाला. मारलं प्यादं. मारला घोडा. मारला वजीर! तांबट हातोडा घालतो तसा सोंगट्यांवर हात! दस्तगीरचा तांब्याचा हत्तीसुद्धा मारला, स्वतः ठोकलेला! शेवटचं प्यादं उचललं, बाजूला आपटलं, आणि मात द्यायला हात पुढं केला —

“थांब!”

दस्तगीर हसत होता. खूप दिवसांनी डोळे जाग्यावर आले होते.

“बुर्जी झाली की रं, केऱ्या!”

केऱ्या! नाव घेतलं हो त्यानं!

केरबानं पटाकडं बघितलं. नुसता राजा. जन्मभर ज्यानं प्यादं जपलं, तो गडी नवशिक्यासारखा सगळं मारत सुटला होता!

दस्तगीरनं आपला राजा पटावरनं उचलला, सदऱ्याला पुसला. म्हणाला, “एकट्या राजाला मारत न्हाईत, लेका. त्येच्यापाशी ऱ्हायलंय काय आता? पट मोड. नवा मांड.”

तो राजाबद्दल बोलत होता, मंडळी. सोंगटीबद्दल! पण केरबानं समोर बघितलं. बायको गेलेली, धंदा गेलेला, नावं गेलेली, आणि हा बसलाय दारात, गडी यायचाय म्हणून.

केरबानं पट मांडला. काशीचं काही बोलला नाही.

गाडी गेली काशीला. घाटावर गार वारा. भटजी घाईत, मागं रांग. हौसाक्कानं ओंजळीत पाणी घेतलं, चहा सोडला, डोळे पुसले. मग केरबा पुढं आला.

“बोला, काय सोडलं?”

“जिंकायचं सोडलं, म्हाराज.”

भटजीनं वर बघितलं. “ते काय? भाजी का फळ?”

“दोनीबी न्हाई. पर मला लई आवडायचं.”

आणि सोडलं ओंजळीतलं पाणी!

गोष्ट इथं थांबवली तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण ती खोटी होईल. केरबा परत आला, ओट्यावर गेला, तर दस्तगीरनं ओळखलंच नाही.

“कोण पावनं?”

“खेळाया आलोय.”

“येतंय व्हय तुला?”

“शिकीव की.”

बसला मांडी घालून. गुडघा कुरकुरला. दस्तगीरनं उंट सरळ चालवला. केरबानं थोडा वेळ बघितलं, आणि आपला उंटही सरळ चालवला. दस्तगीर खूश! “येतंय की रं तुला!” म्हणाला.

कंटाळा यायचा का केरबाला? यायचा! रोज यायचा. काशीला जाऊन कंटाळा धुतला जात नाही, बाबांनो. अंग दुखायचं, जांभया यायच्या. पण उन्हं कलली की वहाणा घालायचा.

आता वळतो तुमच्याकडं. इकडं बघा, मागं उठून चाललाय तो पण! घरी जाल, तर दारात कोणीतरी बसलेलं असेल. विचारेल, जेवलास का? तू सांगशील, जेवलो. पाणी पिऊन येईस्तोवर पुन्हा विचारेल, जेवलास का? तेव्हा तुझ्या तोंडात काय येतं, ते मला ठाऊक आहे, आणि देवालाही. तू दमलायस, खरं आहे. मीपण दमलोय. पण त्याची सगळी मोहरी काळानं मारलीत रे. शेवटचा फटका तू नको मारूस. दुसऱ्यांदा सांग. तिसऱ्यांदा सांग. काशीला न जाता होईल एवढं.

उचला टाळ. हळू वाजवा — पुढं म्हातारी माणसं डुलक्या घेतायत. झोपू दे त्यांना.