चंद्रीनं वांग्याला तोंड लावलं नाही

माझ्या बागेला तुम्ही हसता ना? मग आमच्या चंद्रीचं ऐका. बाटलीनं दूध पाजून मी वाढवलेली शेळी ती, पण परसातली माझी वांग्याची रोपं तिनं दोनदा फस्त केली. माझे वडील, आण्णा, म्हणाले, "आता एकदा जरी तोंड लावलं, तर ती उदगीरच्या बाजारात जाती बघ."

मला शेळीही हवी होती आणि वांगीही. मी नवी रोपं लावली आणि बादलीत शेण कालवून त्यांच्यावर शिंपडायला लागले.

"अ‍ॅग्रीची डिग्री घेऊन शेण शिंपडायलीस व्हय?"

"जनावरांनी तोंड लावू नये म्हणून तुम्ही रस्त्याकडच्या ज्वारीला हेच करता की, आण्णा."

"ते गुरांसाठी. ही शेळी तर काटे खाती."

सकाळी गंमत बघायला आण्णा बाजेवर येऊन बसले. चंद्री कुंपणावरून आत उतरली. एक रोप हुंगलं, दुसरं हुंगलं, फुर्रकन शिंकली आणि आली तशी बाहेर पडली. मी आण्णांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते.

तेवढ्यात चंद्रीनं त्यांच्या खांद्यावरचा धुतलेला टॉवेल ओढून चघळायला घेतला.

दुसरं टोक धरून आण्णा म्हणाले, "बादलीत थोडं उरलंय का गं?"